जुनी मोटार आणि नवे पेट्रोल



ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण आज येथे जमलो आहो त्यांचे नाव मागील फलकावर लिहिलेले आहेच. परंतु हयातभर ज्या माणसाने आपल्या दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावू दिली नाही त्याचे नाव मी व्यासपीठावरून पुनःपुन्हा घेत राहावे हे त्यांना रुचले नसते, आणि म्हणून या शहराने आपण होऊन त्यांना जी पदवी दिली होती तिनेच, म्हणजे 'मास्तर' याच शब्दाने, मी त्यांचा उल्लेख करणार आहे. मास्तर कोणत्याही शाळेच्या दप्तरी शिक्षक नव्हते. मोंढा नाक्याच्या अलीकडे, पत्र्याच्या छपराखाली, दोन मोटारी जेमतेम उभ्या राहतील एवढ्या जागेत त्यांचे गॅरेज होते, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेला माझ्यासारखा तरुण त्या छपराखाली उभा राहिला, की उष्मागतिकी या विषयात आपण उत्तीर्ण झालो आहो खरे, पण तो विषय आपल्याला अद्याप भेटलेला नाही, ही गोष्ट त्याला पाच मिनिटांत उमगत असे. स्मृतिव्याख्यानाचा मान आपल्याकडे कवींना, समाजसुधारकांना आणि सहकारमहर्षींना मिळतो. फिटरच्या वाट्याला तो क्वचित येतो. म्हणूनच संयोजकांनी विषय विचारला तेव्हा थोरामोठ्यांना शोभेल असे काही न शोधता, मास्तरांना गिऱ्हाईके रोज जो प्रश्न विचारीत तोच मी पुढे केला: जुन्या गाडीत कोणते पेट्रोल घालावे, आणि जास्त नंबरचे घातले तर ती अधिक पळेल काय?

मास्तरांचे उत्तर ठरलेले असे. "जेब हल्की हो गई तो गाडी भागतीच," असे दखनी बोलीत म्हणून ते पुन्हा बॉनेटखाली वाकत. त्या एका वाक्यात जे भरलेले आहे ते उलगडून सांगण्यास मला मात्र आजचा अर्धा-पाऊण तास लागेल, याबद्दल क्षमा असावी.

प्रथम 'ऑक्टेन' या शब्दाची कैफियत ऐकून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात ओढले जाते, पिस्टन वर येताना ते मूळ आकारमानाच्या सातव्या, आठव्या किंवा दहाव्या हिश्शाएवढे दाबले जाते, आणि पिस्टन माथ्याला टेकण्याच्या किंचित आधी ठिणगी पडून ते पेटते. सुगी संपल्यावर शेतकरी धसकटे जाळतो तेव्हा एका बांधाशी विस्तव लावतो आणि ज्वाळेची रेघ क्रमाक्रमाने पलीकडच्या बांधाकडे सरकत जाते. सिलिंडरातही नेमके असेच घडावे लागते. परंतु रेघ पुढे सरकत असताना पलीकडच्या कोपऱ्यात जे मिश्रण अजून जळावयाचे राहिलेले असते ते मागून येणाऱ्या दाबाने आणि आचेने तापत जाते, आणि ज्वाळा तेथवर येण्यापूर्वीच जर ते सर्वच्या सर्व एका क्षणी आपोआप भडकले, तर सिलिंडराच्या भिंतींवर दाबाच्या लाटा आदळून आतून कोणी हातोडीने ठोकावे तसा टणक आवाज उमटतो. आपले मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात, त्यांच्याआधीच्या पिढीतील लोक पिंकिंग म्हणत. थोडा वेळ चालले तर कानाला खटकते एवढेच. महिनोन्‌महिने चालू दिले तर पिस्टनची रिंग बसते तो कडा तुटतो, प्रसंगी माथ्यालाच भोक पडते. या आपोआप भडकण्याला पेट्रोल किती काळ दाद देत नाही, त्याचा अंक म्हणजे ऑक्टेन. हा अंक इंधनाच्या सोशिकतेचा आहे. त्यात उष्णता किती भरलेली आहे, याविषयी तो चकार शब्द काढीत नाही.

हा अंक ठरविण्याची रीत १९२७ च्या सुमारास ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने घालून दिली. आयसोऑक्टेन हा अतिशय सोशीक द्रव त्याने शंभर धरला आणि हेप्टेन हा अतिशय तापट द्रव शून्य. दोहोंच्या ज्या मिश्रणासारखे एखादे पेट्रोल वागेल त्या मिश्रणातील आयसोऑक्टेनचा शेकडा भाग म्हणजे त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक. गंमत अशी, की शून्याच्या मापासाठी लागणारे शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातील जेफ्री पाइन नावाच्या वृक्षाच्या राळेतून काढीत. मोजणी होते ती एकाच सिलिंडरच्या आणि दाब चालू स्थितीत कमीअधिक करता येणाऱ्या एका ठरावीक इंजिनावर. एक रीत मिनिटाला ६०० फेऱ्यांची, दुसरी अधिक कठोर, ९०० फेऱ्यांची. आपल्या पंपांवर पहिल्या रीतीचा अंक लिहितात, अमेरिकेत दोहोंची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडे स्थायिक झालेला आपला भाचा सुटीत येऊन 'आमच्याकडे साधे पेट्रोल ८७ चे' असे सांगतो तेव्हा आपण त्याच्यापेक्षा वरचढ पेट्रोल जाळतो अशा समजुतीने हुरळून जाण्याचे कारण नाही; त्याचे ८७ आणि आपले कालपरवापर्यंतचे ९१ हे सख्खे भाऊ आहेत.

आता आपल्या जुन्या गाड्यांकडे वळू. वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी या देशात बनल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेल्या या गृहस्थांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि त्या कंपनीच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व नंतर तिचीच पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली गाडी बाहेर पडली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, ताकद सुमारे चाळीस अश्वशक्ती. तिकडे बंगालमधील उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर, १४८९ घनसेंटिमीटरची, हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. या दोन्ही इंजिनांत मिश्रण दाबण्याचे प्रमाण सात ते साडेसात पटींच्या दरम्यान ठेवलेले होते, आणि ते तसे ठेवण्यामागे अभियंत्यांचे अज्ञान नव्हते: ज्या देशात ती चालावयाची होती त्या देशाचे पेट्रोल हलक्या अंकाचे होते. मागील शतकाच्या अखेरच्या दशकातसुद्धा आपल्याकडे पेट्रोलचे दर्जे दोन होते, ८७ आणि ९३, व खेड्यापाड्यांतील पंपावर पहिलाच मिळे. आजच्या छोट्या गाड्या दहा, अकरा, काही तर बारा पटींनी मिश्रण दाबतात. म्हणजे नव्या गाडीला जो अंक गरजेचा आहे तो जुन्या गाडीला मुळातच नको होता. तिच्या जन्मपत्रिकेतच तशी तजवीज होती.

या तजविजीला आपल्या शहराच्या भूगोलाने आणखी थोडी सवलत दिलेली आहे, आणि ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकात कधी सापडली नव्हती, मास्तरांनी दाखविली. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटर उंचावर आहे. येथील हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी, म्हणून सिलिंडर मुंबईइतका ठासून भरत नाही, म्हणून कोपऱ्यातील मिश्रण तितके तापत नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या उंच पठारावर याच कारणाने ८५ अंकाचे पेट्रोल साधे म्हणून विकीत आले आहेत. मुंबईहून येथे आलेली गाडी 'पिकअप घेत नाही' अशी तक्रार मालक करी, आणि त्याच वेळी तिचे नॉकिंग थांबल्याबद्दल तोच मालक येथील पेट्रोलची तारीफ करी. मास्तर दोन्ही ऐकून घेत आणि दोहोंची सबब एकच असल्याचे सांगण्याच्या भानगडीत पडत नसत. चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर गेला की ही सवलत बरीचशी परत घेतली जाते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मास्तरांची प्रयोगशाळा दौलताबादच्या घाटात होती. वेरूळकडे जाणारा रस्ता किल्ल्याला मागे टाकून खुलताबादकडे चढू लागतो तेथे जुन्या तटबंदीतील दरवाजातून गाडी न्यावी लागते. दरवाजा अरुंद, समोरून बस आली तर थांबावेच लागते, आणि बाहेर पडताक्षणी चढ. घाईचा चालक गिअर न उतरवता तिसऱ्यावरच पाय दाबतो: फेरे कमी, भार अधिक, सिलिंडर भरलेला, आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापावयास भरपूर अवधी. नॉकिंगला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. दुरुस्त केलेली प्रत्येक पद्मिनी मास्तर तेथे नेत, मुद्दाम घाईच्या चालकासारखी हाकीत आणि दगडी भिंतीवरून परतणारा इंजिनाचा आवाज खिडकीतून कान बाहेर काढून ऐकत. ठोके मोजके आणि पाय किंचित उचलताच विरणारे असले तर ते समाधानाने मान हलवीत. मुळीच ठोका नसला तर मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडे. मग गाडी कडेला घेऊन ते डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करीत, तो नखाएवढा फिरवीत, आणि पुन्हा खालून वर येत. ठिणगी थोडी आधी पडली की दाब पिस्टनवर नेमक्या वेळी येतो व शक्ती वाढते, फार आधी पडली की ठोका सुरू होतो. या दोहोंच्या सीमेवर गाडी नेऊन ठेवणे म्हणजे टायमिंग. फोर्डच्या मॉडेल टी या मोटारीत तर ही वेळ पुढेमागे करण्याची दांडी सुकाणूच्या खालीच असे आणि दर चढाला चालक ती हलवी. त्या इंजिनाचा दाब चार पटींच्या आसपास, म्हणून ते मिळेल त्या पेट्रोलवर निमूट चाले.

येथे मला माझ्या स्वतःच्या एका मूर्खपणाची कबुली द्यावयाची आहे. महागडे, उंच अंकाचे पेट्रोल आपल्या शहरात मिळू लागले तेव्हा एक संपूर्ण उन्हाळा मी माझ्या पद्मिनीला त्याशिवाय दुसरे पाजले नाही, आणि पैठणच्या प्रत्येक फेरीचे ॲव्हरेज वहीत मांडून ठेवले. गाडी हलकी झाली, आवाज मऊ झाला, चढ सहज जाऊ लागला, असे मी भेटेल त्याला सांगत असे. पावसाळ्याच्या तोंडी ती वही मास्तरांना दाखविली. त्यांनी आधीच्या उन्हाळ्याचे पान उलटून त्याच्याशेजारी धरले, व काही न बोलता माझ्या हाती दिले. दोन्ही पानांत जो फरक होता तो टाकी काठोकाठ भरताना होणाऱ्या चुकीएवढाही नव्हता. सात-साडेसात पटींच्या इंजिनाला ९१ अंकाच्या पेट्रोलवरच ठिणगी हवी तितकी पुढे नेता येते. त्याच्यापुढे नेली तर ठोका होवो न होवो, दाब पिस्टन वर येत असतानाच त्याला विरोध करू लागतो व शक्ती घटते. मग ९५ घाला, ९७ घाला, किंवा डिसेंबर २०२० मध्ये पुणे-मुंबईसह दहा शहरांत लिटरमागे १६० रुपयांच्या घरात, म्हणजे तेव्हाच्या साध्या पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट भावाने विकावयास काढलेले शंभर अंकाचे घाला. ज्या सोशिकतेची परीक्षाच घेतली जाणार नाही तिचे मोल आपण भरीत असतो.

काही जुन्या गाड्यांना उंच अंकाची खरी गरज असते, हे येथे सांगितले नाही तर मास्तरांवर अन्याय होईल. रिंगा झिजून ऑइल वर येऊ लागले की ते मिश्रणात मिसळून त्याची सोशिकता कमी करते. हेडमध्ये वर्षानुवर्षांचा कार्बन साचला की जागा आकसून दाब वाढतो, शिवाय तापलेले कण ठिणगीविनाच मिश्रण पेटवितात. रेडिएटर गाळाने बुजलेला असला की सगळेच प्रमाणाबाहेर तापते. आणखी एक कारण आमच्या गावठी दुरुस्तीचेच अपत्य आहे. हेड वाकले की ते लेथवर नेऊन घासावयाचे हा रिवाज. तीन-चार मालकांच्या हाताखालून गेलेल्या गाडीचे हेड इतक्या वेळा घासलेले असते, की कारखान्याने ठरवून दिलेला दाब केवळ कागदावर उरतो. अशी गाडी ९५ वर शांत होते हे खरे. परंतु मास्तर म्हणत त्याप्रमाणे तो तापावर गार पाण्याची पट्टी ठेवण्याचा प्रकार आहे. हेड खोलून कार्बन काढण्याला तो पर्याय होत नाही. परदेशी बनावटीच्या, मुळातच अधिक दाबाच्या जुन्या मोटारी बाळगणारे हौशी लोक शहरात थोडे आहेत. त्यांनी माझे म्हणणे आपल्याला लागू करून घेऊ नये.

ऑक्टेनच्या या इतिहासात शिशाचे प्रकरण काळ्या शाईने लिहावे लागते. ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेतील डेटन येथे टॉमस मिजली याला टेट्राइथिल लेड हे शिशाचे संयुग किंचित घातल्याने ठोका नाहीसा होतो असे आढळले, आणि तीन वर्षांच्या आत, ऑक्टोबर १९२४ मध्ये, तो पदार्थ तयार करणाऱ्या न्यू जर्सीतील एका कारखान्यात पाच कामगार त्याच्या विषाने दगावले. तरीही पाऊणशे वर्षे जगाने तेच पेट्रोल जाळले. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर सक्तीचे झाले; जगातील अखेरचा देश अल्जीरिया, तेथे हे २०२१ साली घडले. ॲम्बॅसॅडरच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची बैठक थेट त्या बिडातच कोरलेली असे आणि शिशाचा थर तिला वंगणासारखा उपयोगी पडे. तो गेल्यावर बैठका खोल जाऊ लागतील अशी भीती होती. मास्तरांनी त्यावर इलाज म्हणून कठीण पोलादाच्या सीटा लेथवर बसवून घेण्यास सुरुवात केली आणि तो प्रश्न या गावापुरता निकालात निघाला. त्याआधी वीस-पंचवीस वर्षे याच शिशाच्या पेट्रोलने ते दररोज संध्याकाळी हात धूत आले होते, आणि आम्ही पदवीधर शेजारी उभे राहून ते पाहत होतो. तो पदार्थ कातडीवाटे शरीरात भिनतो हे आम्हाला पुस्तकातून ठाऊक होते.

पेट्रोलचा अंक कारखान्यात ठरतो, पण तो टाकीत पोहोचेपर्यंत टिकतोच असे नाही. आपल्या शहराला पेट्रोल येते ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या साठ्यातून. मुंबईहून मनमाडपर्यंत नळ टाकून ते आणण्याची व्यवस्था १९९८ मध्ये सुरू झाली. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की अंक झपाट्याने कोसळतो, आणि आधीच कमी अंकासाठी बेतलेली पद्मिनीसुद्धा सपाट रस्त्यावर ठोके देऊ लागते. मास्तर गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न विचारीत तो 'कोणत्या पंपावर भरले' हाच. या व्यवहाराच्या मुळाशी किती मोठा पैसा आणि किती निर्ढावलेपणा होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे मनमाडजवळ टँकरमधील भेसळ उघडी पाडावयास गेले असता त्यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले. प्रजासत्ताकदिनाची ती पूर्वसंध्या होती. ऑक्टेनसारख्या रुक्ष अंकाविषयी बोलताना या माणसाचे स्मरण अस्थानी वाटेल कदाचित. परंतु आपल्या टाकीत येणाऱ्या पेट्रोलच्या शुद्धतेसाठी प्राण दिलेला सरकारी अंमलदार आपल्याच शेजारच्या जिल्ह्यात होऊन गेला, आणि त्याचे नाव आपल्या पंपांवर कोठे दिसत नाही.

आता मी आजच्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी आपणांपैकी बरेच जण आले असावेत. मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळण्याचा या देशातील पहिला प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाला, त्यांपैकी दोन महाराष्ट्रातली: मिरज आणि हे आपले मनमाड. २००३ मध्ये पाच टक्क्यांचा हुकूम निघाला, २०२२ च्या जूनमध्ये दहा टक्के गाठले गेले, आणि २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांचे मिश्रण रुळले. इथेनॉलचा ऑक्टेन अंक १०८ च्या आसपास आहे. ते बाष्प होताना पुष्कळ उष्णता शोषून मिश्रण थंड करते, हा आणखी एक गुण. परिणामी साध्या पंपावरचे वीस टक्क्यांचे पेट्रोल आज सुमारे ९५ अंकाचे आहे, असे सरकार सांगते, आणि ते बरोबर आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्यासाठी लोक लिटरमागे चार पैसे जास्त मोजीत ते आता न मागता मिळते आहे. पद्मिनीने खरे तर कृतार्थ व्हावे.

ती कृतार्थ होत नाही, कारण तिला हवे होते ते दुसरेच. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश एवढीच उष्णता असते. अकरा-बारा पटींच्या नव्या इंजिनाला उंच अंकाचा उपयोग करून या तुटीची थोडीबहुत भरपाई करता येते. सात पटींच्या इंजिनाला ती वाट बंद आहे. जुन्या, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे. त्यातच कार्बोरेटरचा प्रश्न. पेट्रोलच्या एका किलोला जळावयास चौदा-पंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. नव्या गाडीचा संगणक धुरातील प्राणवायू मोजून हे प्रमाण क्षणोक्षणी सुधारतो, पद्मिनीच्या कार्बोरेटरात पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे भोक मात्र कुर्ल्यात पाडलेले आहे आणि ते तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, सकाळी गाडी चोक घेऊनही आचके देते, घाटात गरम होते, आणि मालक म्हणतो, 'पेट्रोल हलके आले.' पेट्रोल हलके आलेले नसते. अंकाच्या हिशेबाने ते पूर्वी कधी नव्हते इतके भारी असते. जेट एक नंबर मोठे घालावे आणि टायमिंग नखभर पुढे घ्यावे, म्हणजे बरेचसे दुखणे जाते.

रबराचे दुखणे मात्र टायमिंगने जात नाही. जुन्या पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे गॅस्केट, टाकीपासून येणारी नळी, ही सारी इथेनॉलाची ओळख नसलेल्या रबराची आणि बुचाच्या लाकडाची. ती फुगतात, मऊ पडतात, चिरतात. टाकीत तीस वर्षे बसलेला गाळ इथेनॉल धुऊन काढते आणि तो जेटमध्ये आणून सोडते. हवेतील ओल ते ओढून घेते, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाला गंज धरतो. काही जुन्या वाहनांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. रोज धावणाऱ्या टॅक्सीला हे माप योग्य आहे. परंतु आज पद्मिनी टॅक्सी उरलेलीच नाही. मुंबईत नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालतात आणि बाकीचा काळ झाकणाखाली उभ्या असतात. त्यांच्या रबराची झीज किलोमीटरवर मोजून चालत नाही. ती महिन्यांवर मोजावी लागते.

इथेनॉल मिसळण्याच्या या धोरणाचा मी विरोधक नाही. परदेशातून येणाऱ्या तेलाचे देणे कमी व्हावे हे कोणाही सुजाण माणसाला पटेल, आणि मराठवाड्यातील साखर कारखान्यांच्या दारात उभा असलेला शेतकरी इथेनॉलाच्या पैशाकडे कोणत्या आशेने पाहतो हे मी पाहिलेले आहे. मात्र नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात, उसापासून केलेल्या एका लिटर इथेनॉलामागे सुमारे २८६० लिटर पाणी खर्ची पडते, असाही हिशेब मांडलेला आहे. ज्या मिरजेत २००१ साली इथेनॉलाचा प्रयोग झाला त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने न्यावे लागले होते, ही गोष्ट मनमाड-मिरजेचे नाव निघाले की मला आठवल्यावाचून राहत नाही. असो, तो विषय जलतज्ज्ञांचा आहे.

माझी तक्रार याहून लहान आहे. त्याच आराखड्याने जुन्या वाहनांच्या रक्षणासाठी दहा टक्क्यांचे पेट्रोलही उपलब्ध ठेवावे असे सुचविले होते. ती सूचना अमलात आली नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलाचाही पर्याय मिळावा व पंपावर इथेनॉलाचे प्रमाण ठळकपणे लिहावे अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली, त्यामुळे न्यायालयाचा दरवाजा तूर्त बंद आहे. परंतु नळीवर 'एवढे टक्के' अशी चार बोटांची पाटी लावावयास कोणत्याही निकालाची आवश्यकता नाही. आपल्या शहरातील पंपचालकांनी ती आपण होऊन लावली, तर ज्याला जेट बदलावयाचे आहे त्याला कोणते बदलावे हे कळेल.

मास्तरांनी अखेरच्या दोन वर्षांत याच कामासाठी एक वही केली होती. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडर यांचे कोणत्या प्रमाणाच्या पेट्रोलाला कोणते जेट, टायमिंग किती पुढे, पंपाचा पडदा कोणत्या रबराचा, असे त्यांनी दौलताबादच्या घाटात जाऊन-येऊन ठरविलेले अंक तिच्यात त्यांच्या वळणदार उर्दू अक्षरात आहेत, आणि त्यांच्या चिरंजिवांनी शेजारी मराठीत उतरवून दिले आहेत. ती वही दाराशी मेजावर ठेवली आहे. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी जाताना आपले अंक लिहून घ्यावेत. पेन्सिली तेथेच आहेत.